माहुलीचा खंड्या

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णा संगमावरील माहुली ही छत्रपती घराण्याची दहनभूमी. डिसेंबर १७४९ मध्ये थोरल्या शाहू महाराजांवर अंत्यसंस्कार झाले ते येथेच. राजघराण्यातील समाध्यांच्या सान्निध्यात येथे एका कुत्र्याचीही समाधी आहे. लोकपरंपरेत त्याचे नाव खंड्या.

शिकारीच्या वेळी त्याने महाराजांना वाघापासून वाचविले. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेला ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासात सांगतो की, महाराजांनी या कुत्र्यास रीतसर सनदा देऊन जहागीर व पालखीचा मान दिला. एकदा तर भर दरबारात त्यास जरीचा पोशाख व अलंकार चढवून स्वतःची पगडी त्याच्या मस्तकी ठेवली. डफच्या लेखी हा सारा विक्षिप्तपणा. मात्र पालखीचा सरंजाम खरोखर पोसला जात होता, हेही तोच नोंदवितो! प्राण वाचविणाऱ्या शिलेदारास जहागीर मिळाली असती, तर त्याने तिला लहर म्हटले असते काय?

रायगडावरील वाघ्याची कथा सर्वतोमुखी आहे. तिला समकालीन आधार नाही, आणि तेथील स्मारकही विसाव्या शतकातले. खंड्याच्या वाट्याला तेवढी कीर्ती आली नाही. संगमावर उतरणारे बहुतेक जण त्याच्या समाधीवरून तसेच पुढे जातात.