हृदयाची त्रिमितीय प्रतिकृती

रुग्णाच्या सीटी किंवा एमआरआय चित्रांवरून थ्रीडी प्रिंटरवर थरावर थर चढवून तयार केलेला त्याच्याच हृदयाचा नमुना. जन्मजात हृदयदोषांच्या शस्त्रक्रियांची आखणी, शल्यचिकित्सकांचा सराव आणि शरीररचनेचे अध्यापन यांसाठी तो वापरतात.

हृदयाच्या पोकळ्यांचा साचा घेण्याची कल्पना जुनी आहे. लिओनार्दो दा विंचीने १५१३च्या सुमारास बैलाच्या हृदयात मेण ओतून महारोहिणीच्या मुळाचा आकार मिळवला आणि त्यावरून काचेचा नमुना करून, पाण्यात गवताचे बी सोडून, प्रवाहाचे भोवरे पाहण्याची रीत लिहून ठेवली. हे भोवरे झडप मिटायला मदत करतात, हा त्याचा तर्क विसाव्या शतकातील प्रयोगांत खरा ठरला. अध्यापनाची मदार मात्र दीर्घकाळ फॉर्मलिनमध्ये जपलेल्या हृदयांवरच राहिली. ती दगावलेल्यांची असतात. ज्या बाळावर उद्या शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्याचे हृदय त्यांत सापडत नाही.

हृदय सतत हलते, म्हणून स्कॅन ईसीजीशी जुळवून घेतात व बहुधा निलय शिथिल असतानाची चित्रे निवडतात. खरे काम त्यानंतरचे. प्रत्येक छेदचित्रात रक्त कुठे संपते आणि स्नायू कुठे सुरू होतो, ही सीमा ठरवावी लागते. संगणक ती उजळपणाची एक मर्यादा धरून आखतो. ही मर्यादा जराशी सरकली, तरी पातळ पडदा गळून नसलेले भोक उमटू शकते. त्यामुळे शरीररचना जाणणाऱ्या माणसाला रेषा हाताने दुरुस्त कराव्या लागतात. प्रिंटर बिनचूक असला, तरी चुकीची रेषाही तो तितक्याच इमानाने छापतो. नमुना दोन प्रकारे छापतात: रक्ताने भरलेल्या जागेचा भरीव, किंवा भिंती दाखवणारा पोकळ. शस्त्रक्रियेसाठी दुसरा अधिक उपयोगी, कारण त्यात आत डोकावता येते.

अशा नमुन्याचा सर्वांत ठळक उपयोग, ज्यात महारोहिणी आणि फुप्फुस रोहिणी या दोन्ही पूर्णतः किंवा मुख्यतः उजव्या निलयातून निघतात, त्या दोषात होतो. अशा हृदयात डाव्या निलयातील रक्ताला बाहेर पडायला सहसा निलयांमधल्या पडद्याचे भोक हीच वाट असते. त्या भोकापासून महारोहिणीपर्यंत कृत्रिम पडद्याचा बोगदा बांधता येईल का, की मध्ये झडपेचे धागे आडवे येतील, यावर दोन्ही निलय कामात आणायचे की एकाच निलयावर भागवायचे हे ठरते. संगणकाच्या पडद्यावरच्या सपाट चित्रांतून हे अंतर आणि कोन डोक्यात जुळवावे लागतात. नमुन्यात शल्यचिकित्सक उजव्या निलयाच्या बाजूने थेट पाहू शकतो.

इस्राएल व्हाल्व्हेर्दे व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १० केंद्रांच्या अभ्यासात, गुंतागुंतीचे हृदयदोष असलेल्या ४० रुग्णांपैकी १९ जणांच्या बाबतीत नमुना पाहून शस्त्रक्रियेचा निर्णय बदलला. निर्णय बदलला म्हणजे रुग्ण अधिक जगले असे नव्हे. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो. भारतात कोचीच्या अमृता संस्थेतील डॉक्टरांनीही अशा नमुन्यांचा आपला अनुभव प्रसिद्ध केला आहे.

नमुन्याला मर्यादाही आहेत. झडपांची पाती आणि त्यांना धरणारे धागे सीटीत नीट उमटत नाहीत. तिथे त्रिमितीय इकोच अधिक भरवशाची. नेहमीचे प्लास्टिक सुईला स्नायूसारखी दाद देत नाही, म्हणून सरावासाठी मऊ, रबरासारखी द्रव्ये वापरतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अ‍ॅडम फाइनबर्ग यांच्या गटाने २०२० मध्ये समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटचे पूर्ण आकाराचे हृदय छापले. त्याला टाके घालता येतात. ते धडधडत मात्र नाही.