सिकलसेल आणि श्रवण : कान ऐकतो, पण शब्द उमगत नाही

सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक विकार होय. प्राणवायू कमी पडला की या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि लहान रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडांतील तीव्र वेदना, रक्तक्षय व वारंवार होणारे जंतुसंसर्ग ही त्याची परिचित लक्षणे. श्रवणावरील परिणाम मात्र सहसा नजरेआड राहतो.

हा परिणाम दोन ठिकाणी संभवतो. अंतर्कर्णातील शंखाकृती भागाला एकाच बारीक धमनीतून रक्त मिळते. ती अडल्यास पर्यायी मार्ग नसतो. त्यातून येणारा बहिरेपणा ऑडिओमेट्री चाचणीत दिसतो. दुसरे ठिकाण मेंदू. अर्धांगवायूसारखे कोणतेही लक्षण न दिसता मेंदूच्या लहान भागांना इजा होऊ शकते. ती केवळ एमआरआयमध्ये आढळते. अशा वेळी कान ध्वनी टिपतो, परंतु गोंगाटातून शब्द वेगळे काढणे मेंदूला जड जाते. यालाच श्रवणप्रक्रियेतील अडचण म्हणतात.

असे मूल शांत खोलीतील चाचणीत उत्तीर्ण होते. गजबजलेल्या वर्गात मात्र लांब सूचना अर्धवट समजते, सारख्या उच्चारांच्या शब्दांत गोंधळते आणि ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. थकवा व आजारपणातील गैरहजेरी यांमुळेही अशीच चिन्हे दिसतात. म्हणून निदान घाईने करू नये. गोंगाटातील शब्द ओळखणे, दोन्ही कानांत एकाच वेळी निरनिराळे शब्द ऐकवणे अशा चाचण्या साधारणतः सातव्या वर्षानंतर विश्वसनीय ठरतात. त्या मुलाच्या घरच्या भाषेत व्हाव्यात. भिली बोलणाऱ्या मुलाची हिंदीतून घेतलेली परीक्षा फसवी ठरू शकते.

झाबुआ, अलीराजपूर आणि सीमेपलीकडील नंदुरबार या आदिवासी पट्ट्यात हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून सुरू झाले. 2047 हे त्याचे लक्ष्यवर्ष आहे. रक्ततपासणीने आजार कळतो, श्रवणाची अडचण नव्हे. त्यासाठी नियमित श्रवणतपासणी हवी. दोन वर्षांवरील मुलांत मेंदूच्या रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी पक्षाघाताचा धोका आधीच दाखवते. धोका आढळल्यास नियमित रक्तसंक्रमणाने तो बराच घटतो.

वर्गातील उपाय बिनखर्चाचे आहेत : पुढचा बाक, छोटी वाक्ये, फळ्यावर लिहिलेली सूचना आणि न रागावता केलेली पुनरुक्ती.