मधली भिंत

माझ्या दोन खाला वाघोलीत राहतात, शेजारशेजारच्या सोसायट्यांत. थोरलीच्या खिडकीतून धाकटीचं वाळत घातलेलं धुणं दिसतं. पण मध्ये भिंत आहे. भेटायचं तर गेटाबाहेर पडून नगर रस्त्याला यायचं, जीव मुठीत धरून चालायचं आणि पुढच्या गेटातून आत शिरायचं. दोघी सत्तरीच्या. ईदचा शीरखुर्मासुद्धा रिक्षानं जातो.

आमच्या पिंपरी पेंढारला हे सांगून पटत नाही. तिथं कल्याण-नगर रस्त्याला गाड्यांची रीघ असते, पण शेजारी जायला बांध आहे, पाणंद आहे.

जुनं पुणंही असंच होतं. शनिवार पेठ म्हणजे मुर्तजाबाद, रविवार म्हणजे मलकापूर. 1703 मध्ये औरंगजेबानं वसवलेली बुधवार म्हणजे मुहियाबाद. धनी बदलले, नावं बदलली, पेशवाईत नव्या पेठा वसल्या, त्याही जुन्यांना खेटून. रस्ते अरुंद, वाकडे. पण एक बोळ अडला तर दुसरा होताच. पायी माणसाला चार वाटा.

मुंबई इलाख्यात 1915 साली नगररचनेचा कायदा आला. शेतांचे तुकडे एकत्र करायचे, आधी रस्ते आखायचे, मग ज्याला त्याला नीट आकाराचा भूखंड परत द्यायचा, अशी त्यातली युक्ती. भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, ती वापरली गेली. पुढं मागं पडली. मग शहराभोवतीच्या गावांत एकेक गट बिगरशेती होत गेला. ज्याचं शेत, त्याचाच आतला रस्ता. तो बांधापाशी येऊन थांबला आणि बांधावर भिंत चढली. महापालिकेत 2017 मध्ये 11 गावं आली, 2021 मध्ये वाघोलीसह आणखी 23. तोवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. वरातीमागून घोडं!

हे आपल्याकडंच आहे असं नाही. चीन सरकारनं 2016 मध्ये नव्या बंदिस्त वसाहती नकोत, जुन्यांचे आतले रस्तेही हळूहळू खुले करा, असं सांगितलं, तेव्हा तिथल्या रहिवाशांनीही सुरक्षिततेसाठी ओरड केली होती.

मी भिंतीत फक्त एक दिंडी मागितली. रात्री कुलूप लावा म्हटलं. सभेत चोरांचा विषय निघाला. भीती खोटी नाही, थोरल्या खालाच्याच मजल्यावर चोरी झाली होती. चोर मात्र गेटातून आला होता, वहीत नाव लिहून.

आता पुन्हा अर्ज केलाय. थोरलीनं सही केली आणि धाकटीच्या सहीसाठी कागद रिक्षानं पाठवला.