थापेची वीज

आमच्या वरच्या मजल्यावरचा एक मुलगा ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. त्यानं कुठून तरी एक जुना ड्रमसेट आणला. एक बास, एक स्नेअर, तीन टॉम आणि चीर गेलेली एक झांज. सराव घरातच. पंधरा दिवसांत साऱ्या इमारतीनं त्याच्या आईला गाठलं. शेवटी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा, सेट विकणार नाही. पानांच्या जागी जाळी लावतो आणि ट्रिगर बसवतो. मग आवाज फक्त हेडफोनात. पण ट्रिगर तीन-चार तऱ्हेचे मिळतात. कोणता घेऊ?"

मी कवितेतल्या मात्रा मोजणारा माणूस. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा, एवढीच माझी समज. पण पोरानं भरवशानं विचारलं होतं. म्हणून वाचत गेलो आणि पोचलो थेट १८८० सालच्या पॅरिसमध्ये.

त्या वर्षी जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी एक गोष्ट दाखवून दिली. थोरला चोवीस वर्षांचा, धाकटा एकवीस. क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला, की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो. आपण तिला दाबविद्युत म्हणतो. आपल्या स्वयंपाकघरातला गॅस लायटर हेच करतो: खटका दाबला, आतल्या सिरॅमिकवर घाव बसला, ठिणगी उडाली. ड्रमच्या ट्रिगरच्या पोटात याच जातीची एक चकती असते. पितळेची गोल पत्री आणि तिच्यावर पांढरट थर. घड्याळाच्या गजरात किंवा बझरमध्ये हीच चकती उलटं काम करते. तिथं वीज दिली की ती वाजते. इथं वाजवलं की ती वीज देते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती अगदी किरकोळ किमतीत मिळते.

यातली मेख अशी, की टोला जोराचा तर वीज जास्त, हलका तर कमी. वादकाच्या हातातला जोर यंत्रापर्यंत पोचतो तो यामुळेच.

विजेचे सुरुवातीचे सगळेच ड्रम मात्र इथवर आले नव्हते. १९७१ साली 'मूडी ब्लूज' या इंग्रजी बँडचे ड्रमर ग्रॅम एज यांनी ससेक्स विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या मदतीनं एक विजेचा संच तयार केला आणि त्याच वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेत तो वापरला. पुढे १९७३च्या सुमारास जर्मनीतल्या 'क्राफ्टवेर्क'च्या मंडळींनी धातूच्या पट्ट्या मांडल्या आणि विणकामाच्या सुयांसारख्या धातूच्या कांड्यांनी त्या वाजवायला सुरुवात केली. कांडी पट्टीला टेकली की मंडल पुरं होई आणि आवाज निघे. गंमतीची युक्ती. पण दिव्याचं बटण हळू दाबलं म्हणून दिवा मंद लागत नाही. तसंच इथं. हलका हात आणि भारी हात एकाच भावात.

१९८१ साली इंग्लंडमधल्या डेव्ह सिमन्स यांच्या कंपनीचा 'एसडीएस ५' हा संच बाजारात आला. षटकोनी पॅड, आत दाबविद्युत चकती. दूरचित्रवाणीवर तो इतका गाजला, की षटकोन ही त्या दशकाची खूणच ठरली. त्याचं वरचं पान होतं पॉलिकार्बोनेटचं. दंगलीत पोलीस पुढे धरतात त्या ढाली ज्या जातीच्या प्लास्टिकच्या, त्याच जातीचं. ड्रमचं पान कांडीला उसळी देतं, घेतलेलं परत करतं. हे प्लास्टिक काही परत करत नव्हतं. सगळा धक्का मनगटात. वादकांची मनगटं दुखू लागली, तेव्हा कंपनीला पुढे मऊ रबराकडे वळावं लागलं.

याच काळात यंत्र माणसाची भाकरी खाणार, अशी भीती पसरली होती. १९८२ साली ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेनं सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदीचा ठराव केला. तो अर्थातच टिकला नाही. १९८३मध्ये 'मिडी' ही वाद्यांची सामाईक भाषा आली. तिच्यात प्रत्येक टोल्याचा जोर १ ते १२७ अशा आकड्यात लिहिला जातो. आम्ही छंदात लघु आणि गुरू अशा दोनच तऱ्हा मानून पिढ्या काढल्या. इथं तर एकशे सत्तावीस!

भाकरीची ही गोष्ट एका माणसाच्या बाबतीत मात्र उलटी घडली, आणि सगळ्या वाचनात मी तिथंच सर्वांत जास्त रेंगाळलो. 'डेफ लेपर्ड' या शेफील्डच्या बँडचा ड्रमर रिक ॲलन. ३१ डिसेंबर १९८४ला त्याच्या मोटारीला अपघात झाला आणि डावा हात तुटला. शल्यचिकित्सकांनी तो जोडला, पण जंतुसंसर्ग झाल्यामुळे पुन्हा काढावा लागला. वय एकवीस. ड्रमर आणि एक हात! खाटेवर पडल्या पडल्या तो पायानं ताल धरू लागला, आणि डाव्या हाताचं काम डावा पाय करू शकेल असं त्याच्या ध्यानात आलं. मग विजेचा संच आला. डाव्या पायाखाली एका ओळीत पायट्या, आणि त्यातली एक दाबली की स्नेअर बोलणार. साध्या ड्रमसेटमध्ये हे जमणं कठीण. तारेतून मात्र थाप कुठूनही निघून कुठंही पोचते. साथीदारांनी त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला नाही, ते थांबले. १६ ऑगस्ट १९८६ रोजी डोनिंग्टनच्या मैदानात अफाट गर्दीसमोर तो वाजवायला बसला, आणि १९८७ साली त्यांची 'हिस्टेरिया' ही ध्वनिमुद्रिका निघाली.

आपल्याकडे ही वीज आली ती 'ऑक्टोपॅड' या नावानं. रोलँड कंपनीनं १९८५ साली आठ रबरी चौकोनांचं एक पॅड काढलं. त्याला स्वतःचा आवाजही नव्हता, ते फक्त दुसऱ्या यंत्राला हुकूम देई. आवाज पोटात घेऊन येणारी भावंडं नंतरची. ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्टी, गणपतीची मिरवणूक, लग्नाची वरात, कुठं नाही ते? कोणत्याही कंपनीचं असो, आपण त्याला ऑक्टोपॅडच म्हणतो.

खऱ्या ड्रमला ट्रिगर बसवण्याची वाट याहून वेगळी. १९९७ साली रोलँडनं रेमो या पानं बनवणाऱ्या कंपनीबरोबर जाळीचं पान आणलं. आवाज थोडा आणि कांडीला उसळी भरपूर. जुन्या ड्रमवर जाळी चढवायची कल्पना तिथून फोफावली.

तर पोराला मी जे सांगितलं ते असं. काठावर चिमट्यानं बसणारा ट्रिगर लावायला-काढायला सोपा. खऱ्या पानाचा आवाजही ठेवायचा असेल तर तोच बरा. झपाट्यानं बास वाजवणारे मेटलवाले तसेच ट्रिगर वापरतात, आणि त्यावर 'ही लबाडी' म्हणून वादही घालतात. ड्रमच्या आत आडव्या पट्टीवर फोमचा शंकू आणि त्याखाली चकती, हा जाळीसाठी चांगला. पण शंकूच्या बरोबर डोक्यावर टोला पडला तर आवाज एकदम उसळतो. चकती थेट चिकटवणं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बेभरवशाचं. शिवाय पान एकदा मारल्यावर थरथरत राहतं, त्यामुळे यंत्र एकाचे दोन टोले मोजतं. शेजारच्या टॉमच्या धक्क्यानं स्नेअर उगाच बोलतो. यंत्राचा उंबरठा वर नेला तर हे थांबतं. पण मग तुझा सर्वांत हलका टोला बाहेरच राहतो. थाप आणि आवाज यांत पडणाऱ्या अंतराचा मात्र फार घोर करू नकोस. हवेतून आवाजाला एक मीटर जायला सेकंदाचे तीन हजारांश लागतात. तेवढा उशीर तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या गिटारवाल्यालाही होतोच.

हे सांगताना मला आमच्या गावचा मोहरम आठवत होता. पंजांपुढे हलगी वाजायची. मध्येच वादक थांबत, पाचोळ्याचा जाळ करून कातडं शेकून घेत आणि कानाजवळ धरून बोटानं टिचकी मारत. तोही उंबरठा लावण्याचाच प्रकार होता.

पोरानं स्नेअरसाठी शंकूचा तयार ट्रिगर घेतला. बाकीचे लॅमिंग्टन रोडच्या चकत्या आणि फोमचे तुकडे कापून स्वतः बनवले. तीन दिवस उंबरठा वर-खाली करत बसला. आता जाळी जवळजवळ गप्प आहे. शेजारी खूश. पण मी राहतो त्याच्या बरोबर खाली. बासच्या पायटीची धपधप स्लॅबमधून माझ्या पलंगापर्यंत पोचते, हे कोणत्याच ट्रिगरच्या हातात नाही. त्यावर इलाज आहे म्हणे: प्लायवुडच्या दोन फळ्या, मध्ये टेनिसचे चेंडू, आणि सेट त्यावर. फळ्या आल्या आहेत. चेंडू जमवणं चालू आहे, आणि खालची क्रिकेटवाली पोरं त्याला शोधत असतात.