कमान ताठ केली, भार गेला कुठे?

जड ट्रेलर जोडला की गाडीचा मागचा भाग खाली बसतो, नाक वर येते. यावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे मागची कमान ताठ करणे.

याचे मूळ आपण वर्गात शिकवतो त्या रॉबर्ट हुकच्या १६७८ सालच्या नियमात आहे: जितका भार, तितके ताणणे किंवा दबणे. १८०४ मध्ये लंडनच्या ओबाडाया इलियटने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले. पुढे मोटारी आणि ट्रकही पाट्यांच्या कमानींवर धावू लागले. पाटे वाढवले की कमान कमी दबते. पण रिकामी गाडी हादरे खाते. म्हणून वर जादा पाटे बसवले गेले. मुख्य कमान पुरेशी दबली की मगच ते भार घेतात. १९५४ साली फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने एका मोटारीला मागे वायू आणि तेलाची कमान दिली. भार वाढला की आत जास्त तेल येई आणि गाडी पुन्हा समतल होई.

मग प्रश्न सुटला का? आपण करून पाहू. पट्टी दोन तानकाट्यांना आडवी टांगा आणि एका काट्याच्या बाहेरच्या टोकाला वजन अडकवा. दूरच्या काट्यावरचा आकडा घटतो. आता पट्टी उचलून पुन्हा आडवी करा. आकडा जवळजवळ तेवढाच राहतो!

गाडीचेही तसेच. समतल झाली तरी पुढच्या चाकांवरचा कमी झालेला भार परत येत नाही. वळवताना आणि थांबवताना पकड कमीच पडते. टायर, आस आणि ब्रेक यांची मर्यादाही वाढत नाही. कमान गाडीची उंची राखते, तरफेचा नियम बदलत नाही.