थंडीचं अपत्य, नारायणगावला दत्तक

भांडुप आज मुंबईकरांना ठाऊक आहे ते पाण्यामुळे. शहराचं निम्म्याहून अधिक पाणी इथल्या शुद्धीकरण केंद्रातून जातं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र इथे रम गाळली जायची, ल्यूक अ‍ॅशबर्नर या इंग्रजाच्या इस्टेटीवर. रमला आपली हवा मानवते. फेसाळ वाइनला नाही. ती थंडीच्या पोटी जन्मली, आणि महाराष्ट्रात यायला तिला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं.

फ्रान्सच्या शांपेन प्रांतात द्राक्षं साधारण सप्टेंबरात उतरतात. रस पिंपात आंबत असतानाच हिवाळा सुरू होतो आणि यीस्ट निपचित पडतं. जुन्या लोकांना वाटायचं, वाइन झाली, आणि ते ती बाटल्यांत भरत. वसंतात ऊब मिळाली की यीस्ट पुन्हा जागं होऊन उरलीसुरली साखर फस्त करू लागे. त्यातून सुटणारा कर्बवायू बंद बाटलीत कोंडायचा आणि तळघरात बाटल्या फटाफट फुटायच्या. म्हणजे आज ज्याचे पैसे मोजतात तो फेस मुळात उत्पादकाची डोकेदुखी होती. दों पेरिन्यों या मठवासी साधूला या वाइनचा जनक म्हणतात, ती भाकडकथा आहे. 1668 ते 1715 अशी सत्तेचाळीस वर्षं ओव्हिलेरच्या मठाचा कारभार पाहणाऱ्या या माणसाने चांगली वाइन केली हे खरं, पण फेस येऊ नये म्हणूनच त्याची धडपड होती. उलट इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर मेरेट याने 1662 मध्येच रॉयल सोसायटीपुढे लिहून ठेवलं होतं की व्यापारी वाइनला तरतरी यावी म्हणून तीत मुद्दाम साखर घालतात. इंग्रजांची बाटलीही दणकट होती, कारण त्यांच्या काचेच्या भट्ट्या कोळशावर चालत. आत पाच-सहा वातावरणांचा दाब, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. तिथे नाजूक काचेचा काय टिकाव लागणार?

दाब सांभाळला तरी गाळ उरतोच. मेलेलं यीस्ट बाटलीत तसंच राहतं आणि वाइन गढूळ दिसते. यावरचा तोडगा एका विधवेच्या कारखान्यात निघाला. बार्ब-निकोल क्लिको 1805 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली आणि तिने नवऱ्याचा धंदा स्वतः हातात घेतला. पुढच्या दहाएक वर्षांत तिच्याकडे भोकं पाडलेल्या फळ्यांत बाटल्या मान खाली करून अडकवायची आणि रोज थोड्या थोड्या फिरवायची रीत बसली. गाळ बुचाशी गोळा होतो. बूच काढलं की दाबाने तोच बाहेर उडतो. कमी पडलेली वाइन आणि चवीपुरती साखर घालून बाटली पुन्हा बंद करायची. या पद्धतीत वेळ, जागा आणि माणसं तिन्ही भरपूर लागतात. स्पेनमध्ये जोसेप राव्हेंतोस याने 1872 मध्ये याच रीतीने स्थानिक द्राक्षांची वाइन केली. तिचीच पुढे कावा झाली. इटलीच्या मार्तिनोत्तीने 1895 मध्ये आणि फ्रेंच शार्मा याने 1907 मध्ये बाटलीऐवजी अख्ख्या टाकीतच फेस आणायची युक्ती काढली. बहुतेक प्रोसेको अशीच होते. जाणकार तिला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. ताज्या फळाचा वास टाकीत जास्त टिकतो, आणि दुपारच्या उकाड्यात तोच हवासा वाटतो.

आता नारायणगाव. जुन्नर तालुक्यातलं हे गाव तमाशाच्या फडांचं, तमाशा कलावंत विठाबाईंचं. इथे शामराव चौगुले यांनी पिपेर-हाइडसिक या शांपेनमधल्या जुन्या घराण्याचं तांत्रिक साहाय्य घेऊन फेसाळ वाइनचा कारखाना उभारला. पद्धत बाटलीतलीच. शांपेनला थंडी फुकट मिळते, इथे ती विजेचं बिल भरून आणावी लागली. परदेशी गेलेल्या वाइनचं नाव ठेवलं ‘ओमर खय्याम’, देशात विकलेलीचं ‘मार्कीज द पोंपादूर’. पहिलं नाव मला जास्त शोभणारं वाटतं: खय्यामच्या रुबाया कवी माधव ज्युलियनांनी थेट फारसीतून मराठीत आणल्या होत्या, म्हणजे हा इराणी पाहुणा वाइनच्या आधीच महाराष्ट्रात येऊन गेला होता. लंडनच्या दुकानांत भारतीय फेसाळ वाइन पाहून तिथले समीक्षक चकित झाले आणि त्यांनी बऱ्यापैकी कौतुकही केलं. पुढे कंपनी परदेशातले व्यवसाय विकत घेत सुटली आणि 2008 च्या मंदीनंतर कर्जापायी बुडाली.

वारसा गेला नाशिककडे. तिथला द्राक्षवेल हिवाळ्यात झोपत नाही; त्याला वर्षातून दोनदा छाटावं लागतं, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी. फळ जानेवारी ते मार्चमध्ये उतरतं. फेसाळ वाइनला लागणारी द्राक्षं त्यातही आधी काढतात, कारण हवा असतो आंबटपणा. साखर चढली की तो पळतो. सुला या नाशिकच्या वाइन कंपनीने चेनिन ब्लांक या द्राक्षावर भर दिला. 2013 मध्ये मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीने दिंडोरीची ‘शांदों’ बाजारात आणली, तीही चेनिन, शार्दोने आणि पिनो न्वार यांच्या मिश्रणातून. फ्रेंच मालक असूनही बाटलीवर शांपेन लिहायची सोय नाही. ते नाव त्या प्रांताचं. दिंडोरीचं द्राक्ष कितीही चांगलं निघालं, तरी ते त्याला मिळणार नाही.