‘ड्रिंक’ केलं म्हणजे नेमकं काय प्यायलं?

पोलिसांची प्रेसनोट येते, ‘ड्रिंक अँड ड्राईव्हच्या इतक्या केसेस’. आजवर एकाही वाचकानं मला फोन करून विचारलं नाही की बाबा, हे लोक काय प्यायले होते? चहा, मठ्ठा, उसाचा रस पिऊन गाडी चालवणाऱ्यावर कलम १८५ लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. शंभर मिलीलीटर रक्तात तीस मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की ते कलम लागतं. पण ‘ड्रिंक’ या शब्दात अल्कोहोल कुठंच नाही. तो फक्त ‘पिणे’ आहे. अन् तोच शब्द आपल्या पोराच्या कोल्ड्रिंकमध्ये आहे, दुधात टाकायच्या पावडरच्या डब्यावर आहे आणि रेल्वे स्टेशनवरच्या नळावरच्या पाटीतही आहे. आमच्या गावाच्या नावालाच ‘रेल्वे’ चिकटलेलं आहे, जऊळका रेल्वे. त्यामुळं इंग्रजी शब्दाचं आम्हाला वावडं नाही. पण हा एक शब्द मात्र जिथं जातो तिथं रंग बदलतो, म्हणून त्याच्या मागं लागलो.

आधी एक गोष्ट कबूल करू. हे फक्त इंग्रजीचं नाही. आपल्याकडं ‘थो पेते’ म्हटलं की झालं. काय पेते, हे सांगायची गरज नाही. इंग्रजीतही अगदी तसंच, कर्म गाळलं की दारू. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, एकाच ठिकाणी पोचल्या. त्यातही आपण जास्त सोज्वळ. ‘घेता का?’ असं विचारतो, किंवा नुसतं ‘बसायचं का?’ उभ्यानं प्यायला बंदी असल्यासारखं!

संस्कृतातून आलेलं ‘पान’ पहा. मद्यपान, स्तनपान, धूम्रपान सगळं एकाच क्रियापदाचं. धूर आपण पितो, म्हणून म्हातारी माणसं अजूनही ‘विडी पेते’ म्हणतात. आणि विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांचं ‘चहापान’ असतं, त्यावर विरोधक बहिष्कार टाकतात. ‘चहापाणी’ मात्र वेगळं, त्यावर कुणीच बहिष्कार टाकत नाही. बातमीत आम्ही पत्रकार ‘प्राशन’ लिहितो. हा शब्द बोलताना कुणी वापरत नाही. तो फक्त दोन ठिकाणी जिवंत आहे, मद्य प्राशन आणि विष प्राशन.

आता ‘दारू’. हा शब्द फारसीतून आला आणि तिकडं त्याचा अर्थ औषध. आपल्या ‘दवादारू’त तो जुना अर्थ अजून टिकून आहे. आजाऱ्याची दवादारू केली म्हणजे त्याला पाजली नव्हे. तोफेची दारू ती आणखी वेगळी. म्हणजे औषधाला असलेला शब्द दारूला गेला. आणि ‘औषध’ हा शब्द? आपल्या शिवारात तो फवारणीच्या विषाला गेला. कृषी केंद्रात ‘कपाशीवर कोणतं औषध मारू’ असं विचारतात. गावात कुणी ‘अमक्यानं औषध घेतलं’ म्हटलं की ऐकणारा डॉक्टरचं नाव विचारत नाही, हातातलं काम टाकून पळतो. वऱ्हाडात राहणाऱ्याला यापेक्षा जास्त सांगायला नको.

देवाणघेवाण उलटीही झाली. आपल्या ताडीची इंग्रजीत ‘टॉडी’ झाली. पाच जिन्नस घालतात म्हणून ‘पाच’वरून ‘पंच’ नावाचं पेय आलं, असं बऱ्याच कोशांत दिलेलं असतं. काही अभ्यासकांना ते पटत नाही, त्यांचं त्यांनी बघावं.

खरी गंमत सरकारनं केली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणजे आपण तेव्हा ज्या प्रांतात होतो तिथं, १९३८ सालीच दारूबंदीचा कायदा झाला होता. मुंबई राज्याचा कायदा १९४९ चा. १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला. आजही दारू विकण्याचा, पिण्याचा, बाळगण्याचा सगळा कारभार त्या १९४९ च्या कायद्याखालीच चालतो. तो दारूबंदीचा कायदा आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे कागदोपत्री पिणं बंद आहे आणि परवाना असलेल्याला सूट आहे. म्हणून बारवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं. तिथं बसणाऱ्या प्रत्येकाकडं पिण्याचा परवाना असावा, अशी अपेक्षा आहे. एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आयुष्यभराचाही मिळतो. कायद्यात त्याचं कारण काय दिलंय? तब्येत. प्रकृती सांभाळण्यासाठी दारू लागते म्हणून परवाना. फारसीतला ‘दारू म्हणजे औषध’ हा अर्थ मुंबईच्या कायद्यानं असा जपला, कुणाच्या लक्षात न येता.

या कायद्याला एफ. एन. बलसारा नावाच्या गृहस्थांनी आव्हान दिलं. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायदा राखला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांवरची बंदी रद्द केली. एकाच बाटलीतला एकच द्रव, लेबलवर काय लिहिलंय त्यावर गुन्हा ठरणार की उपचार. पुढं बंदी सैल होत गेली, दुकानं आली आणि त्यांना नावंही अशी दिली की विचारू नका. ‘वाईन शॉप’मध्ये वाईन सोडून बाकी सगळं खपतं. ‘विदेशी मद्य’ इथंच, आपल्याच राज्यातल्या कारखान्यात तयार होतं. देशी दारूला आपल्याकडं ‘संत्रा’ म्हणतात, त्यात संत्रं किती हे नागपूरच्या बागायतदारानं सांगावं.

नावांच्या या खेळात बायकांनी एक साधं चित्र आणलं. आडवी बाटली. २००८ च्या मार्चमधला सरकारी आदेश आहे. गावातल्या पाव महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे चालू ठेवा, आडवी म्हणजे बंद करा. ‘ड्रिंक’, ‘मद्य’, ‘लिकर’ असले शब्दच नाहीत. जिला वाचता येत नाही तिलाही कळतं. इतकी स्पष्ट सरकारी मराठी मी दुसरीकडं पाहिली नाही, आणि तीही चित्रात.

पण मेख हिशोबात आहे. पडलेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. आता आपल्या तालुक्याचं चित्र डोळ्यासमोर आणा. ऊसतोडीला गेलेल्या, पुण्या-मुंबईकडं कामाला गेलेल्या, लग्न होऊन सासरी गेल्या तरी नाव यादीत राहिलेल्या, वारलेल्या. या सगळ्यांचं मत न टाकता उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होतं. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कोणत्याच निवडणुकीत गैरहजर मतदार असा मोजत नाहीत. दारू दुकानाला जी सवलत आहे ती सरपंचालाही नाही. मतदान मागण्याआधी ही यादी दुरुस्त करून घेतली नाही तर मोर्चे काढूनही हाती काही लागत नाही. नावं कमी करण्याचा अर्ज तहसीलमध्ये द्यायचा असतो आणि त्याला वेळ लागतो. मतदानाच्या आठवड्यात आठवून उपयोग नाही.

विदर्भात जिल्हेच्या जिल्हे बंद करून पाहिलेत. वर्धा १९७५ पासून, गांधींचं सेवाग्राम म्हणून. गडचिरोली १९९३ पासून, लोकांच्या आंदोलनातून. चंद्रपूर २०१५ ला बंद झालं आणि २०२१ ला पुन्हा उघडलं. बंदीनं दारू संपत नाही हे वर्ध्याला जाऊन आलेला कुणीही सांगेल. तरीपण माझं मत असं की गावानं मागितलेली बंदी आणि वरून लादलेली बंदी यात फरक आहे, आणि पहिलीचा रस्ता इतका अरुंद ठेवायला नको होता.

कोल्ड्रिंकचं प्रकरण त्या मानानं हलकं वाटतं, तेवढं ते नाही. इंग्रजीत दारू ‘हार्ड’ म्हणून हे ‘सॉफ्ट’. आपण ‘सॉफ्ट’ टाकून ‘कोल्ड’ घेतलं, कारण आपल्या उन्हाळ्यात दारू नसण्यापेक्षा थंड असणं महत्त्वाचं. १९७७ ला जनता सरकारच्या काळात कोका-कोला देश सोडून गेली, त्याच सुमारास थम्स अप आलं, सरकारनं स्वतःचं ‘डबल सेव्हन’ काढलं. कोका-कोला १९९३ ला परतली. २००३ मध्ये या पेयांत कीटकनाशकाचे अंश सापडल्याचा अहवाल दिल्लीच्या एका संस्थेनं दिला, देशभर गदारोळ झाला, संसदेनं शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली. समितीनं तक्रार खरी धरली.

ते अंश सूक्ष्म होते. आपल्याकडं याच्या उलट प्रकार चालतो, बाटली कोल्ड्रिंकची आणि आत पूर्ण कीटकनाशक. शेजाऱ्याकडून थोडं ‘औषध’ मागून आणायचं, घरी मोकळी असलेली कोल्ड्रिंकची बाटली घ्यायची, आणि कोठ्यातल्या खुंटीजवळ ठेवायची. लहान पोराला वाचता येवो न येवो, त्या बाटलीचा आकार ओळखता येतो. त्याच्यासाठी तो आकार म्हणजेच ‘ड्रिंक’. फवारणीचा हंगाम सुरू झाला की ही एक बाटली घरात शोधा एवढंच म्हणतो.

‘हेल्थ ड्रिंक’ तर कायद्यात नव्हतंच. अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही, हे २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं आणि बोर्नव्हिटासारखी पेयं त्या रकान्यातून काढायला लावली. तोवर दोन पिढ्या ते पिऊन उंच व्हायची वाट बघत होत्या.

राहिलं पाणी. इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे माठ असत. आणि ज्यांना कुणाच्याच माठाला हात लावू देत नसत ते वेगळेच. १९२३ ला मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. दुसऱ्या वर्षी महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर पिण्याची मुभा होती, प्यायला कुणी धजत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतलं, मागच्या हजारोंनी घेतलं. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, नगरपालिकेनं ठराव मागं घेतला, प्रकरण कोर्टात गेलं. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ ला. तिथं तहानेचा प्रश्न नव्हता, माणूस म्हणून बरोबरीचा होता, हे बाबासाहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं. ‘पिणे’ या क्रियापदावर एवढा मोठा लढा दुसरा माहीत नाही.

आता पाणी सगळ्यांना खुलं आहे, फक्त विकत आहे. लग्नात, दुकानात, ऑफिसात निळे जार येतात. आपण सरसकट ‘मिनरल वॉटर’ म्हणतो. सरकारी मानकात मिनरल वॉटर वेगळं आणि ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ वेगळं. सीलबंद बाटलीत असतं ते बहुतेक दुसरं, आणि ते विकायला परवाना, तपासणी लागते. झाकण नुसतं दाबून बसवलेला सुटा जार त्यात बसत नाही. म्हणून त्या जारवर काय छापलंय ते जरा वाचा. मी पाहिलेल्या बहुतेकांवर ‘कूल वॉटर’ किंवा ‘चिल्ड वॉटर’ लिहिलेलं होतं. ‘ड्रिंकिंग’ हा शब्द तेवढा कुठं नव्हता.